दिव्यांग अनुदानाची पडताळणी: पुण्यात आधी काय करायचं, नंतर काय

संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थांबले की बहुतेक जण पहिली धाव तहसील कार्यालयात घेतात. तिथे ‘हयातीचा दाखला आणा’ म्हणतात, तो आणला की ‘आधारवर नाव वेगळं दिसतंय’ निघतं, आधार दुरुस्त करून आणलं तर बँकेत जुनंच नाव. दोन-तीन महिने असे हेलपाट्यांत जातात, रिक्षाचं भाडं वेगळं, आणि शेवटी कुणीतरी एजंट गाठला जातो. काम उलट्या टोकाने सुरू केल्यामुळे हे होतं.

तुमची नोंद चार ठिकाणी असते: आधार, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि कार्ड, बँक, आणि तहसीलातली लाभार्थी यादी. पडताळणीत या चार नोंदी एकमेकींशी जुळतात का, माणूस हयात आहे का, दिव्यांगत्व आणि उत्पन्न अजून निकषात बसतं का, एवढंच बघतात. या साखळीत तहसील सगळ्यात शेवटी येतं. सुरुवात आधारपासून करायची.

पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा तुमच्याकडे आधीच नीट असेल तर त्याची तपासणी करून पुढे सरका, पण न बघता उडी मारू नका.

## टप्पा १ : योजना कोणती आणि कार्यालय कोणतं

घरातला जुना मंजुरी आदेश शोधा. त्यावर योजनेचं नाव, मंजुरीची तारीख, लाभार्थी क्रमांक आणि आदेश काढणारं कार्यालय असतं. ‘आमचं अपंगांचं पेन्शन आहे’ एवढं सांगून खिडकीवर कुणालाच काही कळत नाही.

पुण्यात साधारण दोन प्रकार भेटतात. पहिला, राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. दुसरा, केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना: दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व. यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि वरची रक्कम राज्य घालतं. हातात पडणारी रक्कम एकच असल्याने आपण नेमके कुठल्या यादीत आहोत हे अनेकांना माहीतच नसतं. हयातीची पडताळणी कशी करायची ते मात्र त्यावर ठरतं, म्हणून आदेश बघाच.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १५०० वरून २५०० रुपये केली. तुम्ही दिव्यांग असूनही खात्यात जुनीच रक्कम येत असेल तर तहसीलाच्या नोंदीत तुमचा प्रवर्ग ‘दिव्यांग’ लागलेला नसण्याची शक्यता आहे. पूर्वी विधवा किंवा निराधार म्हणून मंजुरी मिळालेल्या बायकांच्या बाबतीत हे सर्रास होतं. पडताळणीच्याच अर्जासोबत प्रवर्ग दुरुस्तीचा वेगळा अर्ज जोडा.

आता कार्यालय. पुणे शहर, हवेली आणि पिंपरी-चिंचवड यांचं काम वेगवेगळं चालतं. इथे एक खास पुणेरी घोळ आहे: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथली माणसं ‘आम्ही आता पुणे शहरात’ म्हणून शहर तहसीलात जातात. महापालिकेची हद्द वाढली म्हणून महसुली तालुका आपोआप बदलत नाही. सातबारा, रेशनकार्ड किंवा जुना उत्पन्नाचा दाखला काढून त्यावर तालुका कोणता छापलाय ते बघा.

> तपासा: मंजुरी झाल्यानंतर घर बदललंय का? कोथरूडमधून वाघोलीला राहायला गेलात तर फाइल नव्या तालुक्यात वर्ग करून घ्यावी लागते. तसं केलं नसेल तर घरी चौकशीला आलेल्याला तुम्ही सापडत नाही आणि शेऱ्यात ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असं पडतं.

## टप्पा २ : आधार, कारण पुढचं सगळं इथून उचललं जातं

आधारकार्ड हातात घ्या आणि नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल या चार गोष्टी बघा. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे, अक्षर न् अक्षर वाचा. ‘लक्ष्मीबाई’चं ‘लक्ष्मी’ झालेलं, नवऱ्याचं नाव मधे आलेलं किंवा गाळलेलं, लग्नाआधीचं आडनाव राहिलेलं, हे माणसाला चालून जातं. संगणक मात्र ‘लक्ष्मीबाई’ आणि ‘लक्ष्मी’ या दोन बायका धरतो.

दुरुस्ती करायची असेल तर आधी ठरवा की कायमचं नाव कोणतं ठेवायचं. शक्यतो दिव्यांग प्रमाणपत्रावर जे आहे तेच ठेवा. कारण आधार केंद्रात नाव बदलून घेणं जमण्यासारखं असतं, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरचं नाव बदलायला जास्त दिवस जातात. आधार केंद्रातली पावती जपून ठेवा. दुरुस्ती मंजूर झाल्याचा मेसेज येईपर्यंत पुढच्या कुठल्याही ठिकाणी अर्ज टाकू नका.

मोबाइल नंबर चालू असणं फार गरजेचं आहे. ओटीपी त्यावर येतो. नातवाचा जुना नंबर जोडलेला, नातवाने सिम बदललेलं, आणि आजोबांचं सगळं अडलेलं, हे दर मोहल्ल्यात आहे.

बोटांचे ठसे उमटत नसतील तर घाबरू नका. वर्षानुवर्षं धुणीभांडी केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा अक्षरशः पुसल्या जातात. मशिनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो, पदराला पुसून पुन्हा ठेवला तरी लाल. अशा वेळी ऑपरेटरला डोळ्यांच्या बुबुळांची किंवा चेहऱ्याची ओळख घ्यायला सांगा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांना, बोटं नसलेल्यांनाही हाच रस्ता. ‘अंगठा येत नाही, म्हणून काम होणार नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

> सावधान: ‘तुमचं अनुदान बंद होणार आहे, केवायसीसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. कुठलंही तहसील कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.

## टप्पा ३ : प्रमाणपत्र अजून चालू आहे का

यूडीआयडी कार्ड उलटसुलट करून बघा. २०२४ च्या सुधारित नियमांनंतर रंगांवरून टक्केवारी कळते: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. पण रंगापेक्षा महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘कायम’ किंवा ‘तात्पुरतं’. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते, आणि ती लोक वाचत नाहीत. प्रमाणपत्र लॅमिनेशन करून देवघराच्या कपाटात ठेवलं की ते कायमचं झालं अशी समजूत दिसते.

तीन शक्यता निघतात.

कायम प्रमाणपत्र आणि यूडीआयडी दोन्ही आहेत. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर जाऊन ई-कार्ड उतरवून घ्या, नाव आधारशी जुळतं ते बघा आणि टप्पा ५ कडे चला.

जुनं कागदी प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी नाही. पूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने मिळालेलं किंवा राज्याच्या जुन्या संगणकप्रणालीतून निघालेलं प्रमाणपत्र या गटात येतं. पोर्टलवर जुन्या प्रमाणपत्रधारकांसाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडून मूळ प्रमाणपत्राचं स्पष्ट स्कॅन टाका. मोबाइलने लॅमिनेशनवरचा फोटो काढला तर वर ट्यूबलाइट चमकते आणि शिक्का वाचता येत नाही, मग अर्ज परत येतो. लॅमिनेशन असेल तर दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून फोटो घ्या.

मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. फेरतपासणी लागेल. पुढचा टप्पा तुमच्यासाठी.

लहानपणी काढलेलं बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र साधारण मुदतीचंच असतं, आणि १८ पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी लागते. मुलगा अठरावा संपवतो, आईवडिलांच्या हे लक्षात नसतं, आणि शाळेच्या सवलतीपुरतं चाललेलं प्रमाणपत्र अनुदानाच्या अर्जाला चालत नाही. वाढदिवसाच्या आधीच तयारीला लागा.

## टप्पा ४ : रुग्णालयातली फेरतपासणी

हा टप्पा सगळ्यात जास्त दिवस खातो आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

अर्ज. पोर्टलवर अर्ज भरताना जिल्हा आणि रुग्णालय निवडावं लागतं. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. मानसिक आजाराच्या प्रकरणात मानसोपचार विभाग असलेलं ठिकाण घ्या. जवळचं म्हणून निवडण्याआधी एक गोष्ट विचारा: तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ तिथे कोणत्या वारी बसतो? अस्थिव्यंग, डोळे, कान, मन, प्रत्येकाचे वार वेगळे असतात. मंगळवारी जाऊन ‘कानाचं गुरुवारी’ ऐकायचं आणि चालता न येणाऱ्या माणसाला परत रिक्षात घालायचं, याला काही अर्थ नाही.

आदल्या दिवशीची पिशवी. मूळ प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आधार, पोर्टलवरच्या अर्जाची पावती, फोटो, जुने डिस्चार्ज कार्ड, गेल्या वर्षभरातले रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म गुंडाळून नेऊ नका, घडी पडते. कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवीन वर. डॉक्टरांकडे पाच-सात मिनिटं असतात. त्यातली तीन पिशवी चाचपण्यात घालवू नका.

चष्मा असेल तर नक्की न्या, कारण डोळ्यांचं दिव्यांगत्व चष्मा लावून मिळणाऱ्या उत्तम दृष्टीवरच मोजलं जातं. ‘चष्मा नेला नाही तर टक्के वाढतील’ हा गल्लीतला सल्ला बिनकामाचा आहे, तपासणी परत लावली जाते. कॅलिपर, कृत्रिम पाय, कुबड्या, श्रवणयंत्र हेही सोबत ठेवा.

तपासणीत काय सांगायचं. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘कसं काय काका?’ विचारलं की काका ‘बरंय, चाललंय’ म्हणतात. सवयीची सभ्यता असते ती, पण कागदावर तीच लिहिली जाते. त्यापेक्षा रोजच्या गोष्टी ठोस सांगा. अंघोळीला कुणी धरावं लागतं का? शर्टाची बटणं लावता येतात का? पीएमपी बसची पायरी चढता येते का? जिना किती उतरता येतो? चांगले दिवस आणि वाईट दिवस असतील तर दोन्ही सांगा, महिन्यात वाईट दिवस साधारण किती तेही सांगा.

मानसिक आजारात हे आणखी जपून. रुग्ण तपासणीच्या दिवशी नीट कपडे घालून येतो, दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर देतो, आणि बाहेर आल्यावर घरच्यांना धक्का बसतो की टक्के कमी आले. मूल्यमापनात स्वतःची काळजी, नातेसंबंध, बोलणं-समजणं आणि काम या बाबी बघतात. म्हणून रुग्णासोबत रोज राहणारा माणूस आत गेला पाहिजे. गाडी आहे म्हणून आलेला मेहुणा कामाचा नाही. ज्या आईने किंवा बायकोने रात्री जागून काढल्यात, तिने यायचं.

फुगवून मात्र काही सांगू नका. कानाची चाचणी मशिनवर होते, गरज पडली तर मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणीही लावतात. ज्याला खरंच कमी ऐकू येतं त्याने थोडं नाटक केलं की अख्ख्या फाइलवर संशय बसतो.

टक्के बदलू शकतात. मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बदलली. त्यामुळे १५ वर्षांपूर्वी ५० मिळालेल्या माणसाला, पायात काही फरक न पडताही, आज वेगळा आकडा मिळू शकतो. कायम प्रमाणपत्र असलेल्यांनी केवळ ‘टक्के वाढतील का बघू’ म्हणून स्वतःहून फेरतपासणी मागण्याआधी दहादा विचार करावा. आजार खरंच वाढला असेल तर जरूर मागा, आपली बाजू रिपोर्टने भक्कम करून.

> तपासा: रुग्णालयातून निघण्याआधी तुमच्या पोर्टलच्या अर्जाचा क्रमांक केसपेपरवर लिहिला गेलाय का? कागदावर तपासणी झाली आणि संगणकात नोंद चढलीच नाही, असं झालं तर प्रमाणपत्र कुठे अडकलंय हे कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ५ : बँक, आणि पैसे जातात कुठे

डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने (डीबीटी) येऊ लागलं. यात पैसे खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावर जातात, आणि आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं आहे तिथे जमा होतात. तहसीलात तुम्ही महाराष्ट्र बँकेचं पासबुक दिलेलं असेल, पण मधे पोस्टमनने दारात येऊन पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे त्या दुसऱ्याच खात्यात साचत बसतात. ‘सहा महिने आले नाहीत’ म्हणणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचे पैसे असे सापडतात.

आधारच्या सरकारी संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. तिथे बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ आहे की नाही ते बघा. हवी ती बँक नसेल तर त्या बँकेच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज द्या. साध्या केवायसीचा अर्ज वेगळा आणि थेट लाभासाठी आधार जोडण्याचा अर्ज वेगळा. खिडकीवर ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर फक्त केवायसी होऊन परत याल.

संयुक्त खातं टाळा. लाभार्थ्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या खात्यात जोडणी अडते.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील १८ वर्षांनंतर कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक सही मागते आणि गाडं अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. याला वेळ लागतो, म्हणून अनुदानाचं काम अडण्याआधीच अर्ज टाकून ठेवा.

## टप्पा ६ : उत्पन्नाचा दाखला

आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू, महा-ई-सेवा केंद्रातून हा दाखला निघतो. मुदत दाखल्यावरच छापलेली असते, बहुतेकदा ३१ मार्च. म्हणजे फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला एप्रिलमध्ये रद्दी होतो. नवं आर्थिक वर्ष लागलं की एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी उसळते आणि सेतूतली रांग जिन्यावर येते.

सेतूतली मुलं घाईत असतात. उत्पन्नाच्या रकान्यात अंदाजे एक आकडा टाकतात, तुम्ही सही करता, आणि दाखला ७२,००० चा निघतो. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये होतात. आकडा टाकण्याआधी घरात खरं किती येतं त्याचा हिशोब एका कागदावर लिहून न्या आणि भरलेला अर्ज सबमिट करण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. दृष्टिहीन माणसाने हे हक्काने सांगावं, लाजू नये.

उत्पन्न खरंच मर्यादेच्या वर असेल तर आकडा खाली ओढू नका. स्वयंघोषणापत्रावर तुमची सही असते, आणि खोट्या घोषणेची जबाबदारी सेतूतल्या मुलाची नसून तुमची राहते.

> सावधान: एकाच बाईच्या नावावर लाडकी बहीण आणि संजय गांधी निराधार, दोन्ही चालत नाहीत. कुणीतरी अर्ज भरून दिला आणि दोन्हीकडे नाव लागलं असेल तर पडताळणीत ते दिसतंच. दिव्यांग भगिनीला संजय गांधी योजनेतली रक्कम जास्त आहे, तेव्हा दुसरीकडचा लाभ सोडत असल्याचा अर्ज स्वतःहून द्या.

## टप्पा ७ : हयातीची नोंद

केंद्राच्या योजनांच्या लाभार्थ्यांसाठी बेनिफिशरी सत्यापन नावाचं मोबाइल ॲप आहे. त्यात चेहरा दाखवून नोंद होते. सोबत आधारचं फेस आरडी ॲप लागतं. लाभार्थ्याकडे स्वतःचा स्मार्टफोन असायलाच हवा असं नाही, शेजाऱ्याच्या अँड्रॉइड फोनवरही होतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे: माणसाला उचलून नेण्यापेक्षा फोन घरी आणा. उजेड समोरून हवा, मागे खिडकी नको, आणि चेहऱ्यावरून ओढणी, मफलर काढा. डोळे मिचकवायला सांगतं. ज्यांना ते जमत नाही, मान स्थिर राहत नाही, त्यांची नोंद वारंवार फसते. दोन-तीनदा फसली की थांबा, स्क्रीनवरच्या त्रुटीचा फोटो काढून ठेवा आणि तहसीलात लेखी अर्ज देऊन घरी येऊन पडताळणी करण्याची विनंती करा.

राज्याच्या योजनेसाठी तुमच्या तहसीलात सध्या कोणती पद्धत आणि शेवटची तारीख लावली आहे ते नोटीस बोर्डावर बघा. कार्यालयातल्या शिपायाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. गावाकडच्या बाजूला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडेही यादी असते. ‘भाऊसाहेब, माझं नाव यंदाच्या हयातीच्या यादीत झालं का?’ एवढं विचारून ठेवलं तरी पुढचा त्रास वाचतो.

## टप्पा ८ : तहसीलात सादर करणं

आता कुठे मामलेदार कचेरी. कागद या क्रमाने लावा: साधा अर्ज, मंजुरी आदेशाची प्रत, आधार, यूडीआयडी, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, हयातीची नोंद झाल्याचा पुरावा. प्रत्येक झेरॉक्सवर ‘संजय गांधी योजना पडताळणीसाठी’ असं लिहून तारखेसह सही करा, म्हणजे तीच झेरॉक्स दुसरीकडे वापरली जात नाही. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. दाखवा आणि पिशवीत ठेवा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. माझ्या मते या अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणणारा कर्मचारी वाईट माणूस असतो असं नाही, त्याच्या टेबलावर तसले कागद ढिगाने असतात. पण पोच नसेल तर वर्षभराने तुम्ही कागद दिलेच नव्हते असं ठरतं, आणि त्यावर वाद घालायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती म्हणजेच पोच.

वय ६५ च्या जवळ आलं असेल तर त्याच भेटीत विचारून घ्या की श्रावणबाळ योजनेकडे नाव वर्ग कधी होणार. मधल्या काळात महिना-दोन महिने पैसे अडकल्याची तक्रार बरेच जण करतात.

> तपासा: पुढच्या महिन्यात पासबुक भरून घ्या. पैसे आले नाहीत तर ‘पुढच्या महिन्यात येतील’ म्हणत थांबू नका.

## टप्पा ९ : नोटीस आली किंवा अनुदान थांबलं तर

बनावट प्रमाणपत्रांच्या तक्रारी वाढल्यापासून फेरपडताळणीच्या नोटिसा जास्त निघू लागल्या आहेत. नोटीस आली म्हणजे तुम्ही चोर ठरलात असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ मध्ये फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. प्रामाणिकपणे तपासणीला गेलेल्या माणसाचे टक्के कमी आले तर ते या कलमात बसत नाही. घाबरून नोटीस घ्यायचं टाळणारे मात्र स्वतःचं नुकसान करतात, कारण गैरहजेरीचा शेरा सगळ्यात आधी पडतो.

नोटिशीवरची तारीख जमत नसेल, रुग्णालयात दाखल असाल, तर आधीच लेखी कळवून दुसरी तारीख मागा, सोबत दाखल असल्याचा कागद. तोंडी निरोप नको.

अनुदान बंद झालं असेल तर पहिला प्रश्न एकच विचारा: कोणत्या कारणाने? कारण लेखी मागा. आधार जुळत नाही, हयात नोंद नाही, उत्पन्न जास्त, टक्केवारी कमी, पत्त्यावर आढळले नाहीत, यातलं नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय नवीन कागद गोळा करत सुटू नका. तोंडी कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. त्यात आपल्या नावाच्या फाइलवरचे शेरे आणि लाभ बंद करण्याचा आदेश, दोन्ही मागा.

कारण कळल्यावर त्या त्या टप्प्यावर परत जा, दुरुस्ती करा आणि मग पुन्हा सुरू करण्याचा अर्ज द्या. अर्जात ‘थकीत रकमेसह’ हे शब्द घाला. न मागता थकीत रक्कम कुणी हिशोबात धरत नाही.

टक्केवारीवरच आक्षेप असेल तर तहसीलदाराशी भांडून उपयोग नाही, तो आकडा बदलणं त्याच्या हातात नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध २०१६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलासोबत जुनं प्रमाणपत्र, नवं प्रमाणपत्र आणि मधल्या काळातले रिपोर्ट जोडा, आणि आजार बरा झालेला नाही हे कोणत्या रिपोर्टवरून दिसतं ते अर्जात एका ओळीत लिहा. नुसतं ‘अन्याय झाला’ लिहिलेलं अपील कुणी नीट वाचत नाही.

तहसीलात उत्तरच मिळत नसेल तर तालुका लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारी असतो. तिथे आवक शिक्क्याची प्रत दाखवली की विषय पुढे सरकतो, ती नसेल तर ‘आधी अर्ज करा’ एवढंच ऐकून परत याल. दिव्यांगांच्या हक्कांबाबतची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, आणि पुणेकरांचं नशीब हे की ते कार्यालय कॅम्पातल्या चर्च पथावर, म्हणजे आपल्याच गावात आहे. कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. अर्ज करताना यूडीआयडीची प्रत आणि बंद झाल्याचा आदेश, एवढे दोन कागद तरी हातात ठेवा.